बांगडीचा परीघ

रायपूरच्या सदर बाजारातील सराफी दुकानांत ‘दोन-चार’ मापाची बांगडी मागितली, तर तिचा आतील व्यास दोन पूर्णांक चार सोळांश इंच, म्हणजे सुमारे ५७ मिलिमीटर असतो. ३ मिलिमीटर जाड तारेची अशी बांगडी घडवावयाची, तर तार किती लांब कापावी? आतील व्यासाला २२/७ ने गुणणारा विद्यार्थी १७९ मिलिमीटर सांगेल. ती बांगडी हातात चढणार नाही. तार वाकविताना तिची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दबते. लांबी जवळजवळ कायम राहते ती मधल्या रेषेची. त्या रेषेचा व्यास ६० मिलिमीटर, म्हणून तार हवी सुमारे १८८.५ मिलिमीटर. जवळजवळ साडेनऊ मिलिमीटरांची ही चूक गुणाकाराची नव्हे, व्यासाच्या निवडीची होय. २२/७ ऐवजी ३.१४१६ घेतल्याने येथे पडणारा फरक मिलिमीटरच्या दशांशाहूनही कमी!

भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (इ. स. ११५०) ३९२७/१२५० हे सूक्ष्म, तर २२/७ हे व्यवहारापुरते स्थूल मान म्हणून वेगवेगळे सांगितले आहे. शाळेत मात्र २२/७ हेच खरे मूल्य म्हणून पुष्कळदा पाठ होते, आणि व्यास कोणता घ्यावा हा प्रश्न उद्भवतच नाही; तो आकृतीवर आयता लिहिलेला असतो. तो लिहू नये. विद्यार्थ्याच्या हाती तार, बांगडी व मोजपट्टी द्यावी आणि व्यास त्यालाच शोधू द्यावा.