रोग रेड्याला, औषध पखालीला

नांदेडच्या इतवाऱ्यात भाजी घेताना मी कापडी पिशवी पुढे करतो, तरी गाडेवाला सवयीने पातळ पिशवी काढतो. महाराष्ट्रात तिच्यावर मार्च २०१८ पासून बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड. कारवाईची गाडी दिसली की धांदल उडते ती या गाडेवाल्याची. पिशवी बनवणारा मात्र बाजारात दिसतच नाही.

जगाचे घोडेही इथेच अडले आहे. प्लास्टिक प्रदूषण संपवण्यासाठी बंधनकारक करार करायचा, असे मार्च २०२२ मध्ये नैरोबीत संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेत ठरले. २०२४ मध्ये बुसानला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हाला बोलणी झाली. दोन्हीकडून सगळे रिकाम्या हाती परतले. अनेक देशांना उत्पादनावरच मर्यादा हवी आहे. तेल उत्पादक देश म्हणतात, फक्त कचऱ्याचे बोला. प्लास्टिक बनते तेल आणि वायूपासून, म्हणून त्यांचा विरोध समजतो. त्यांत सौदी अरेबिया आणि कुवैत आहेत, हे आपण स्पष्ट बोलले पाहिजे. विकासाचा हक्क सांगत भारतही उत्पादन-मर्यादेला विरोध करतो, हेही.

जगातल्या प्लास्टिक कचऱ्यापैकी दहा टक्क्यांहून कमी कचऱ्याचाच पुनर्वापर होतो. आपल्याकडे तो होतो भंगारवाल्यांच्या आणि कचरा वेचणाऱ्या बायकांच्या कष्टांवर. आपल्या कितीतरी घरांची चूल या धंद्यावर पेटते. कराराच्या मसुद्यात या कष्टकऱ्यांचाही विचार आहे. करार रखडला की तोही रखडतो.

पण बोट फक्त दुसऱ्याकडे का दाखवायचे? ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथल्या वलीम्यात आज अर्ध्या पिऊन टाकलेल्या बाटल्यांचा ढीग पडतो. वुजूलाही पाणी वाया घालवू नका, अशी पैगंबरांची (स.) शिकवण आहे. रस्त्यातली त्रासदायक वस्तू बाजूला करणे हा ईमानचाच भाग, हेही आपण मदरशात शिकलो.

म्हणून दोन कामे. येत्या रमजानमध्ये आपल्या मोहल्ल्याच्या मशिदीत इफ्तारला स्टीलचे पेले आणा. धुवायची पाळी तरुणांनी घ्यावी. आणि आपल्या खासदारांना विचारा : गाडेवाल्याला बंदी, मग कारखान्याला मर्यादा का नाही?

पेले आपण धुऊ. उत्तर त्यांनी द्यावे.