उसनी झोप

परीक्षेच्या आठवड्यात भालकीच्या मावशीने मला तिच्या स्ट्रिपमधली गोळी दिली. "घे गं, गाढ झोप लागते." लागलीही, पण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तोंड कोरडं, डोकं जड. मग नाव वाचलं : अ‍ॅमिट्रिप्टिलिन. १९६१पासून विकलं जाणारं नैराश्यावरचं औषध. मेंदूतल्या हिस्टामिनला ते अडवतं, म्हणून गुंगी येते. हृदयाच्या ठोक्यांवरही परिणाम होऊ शकतो. मावशीला डॉक्टरांनी ते दिलंय पायांच्या जळजळीसाठी, माझ्या जागरणासाठी नाही. ज्यांना लिहून दिलंय, त्यांनी ते मनाने बंद करू नये. बाकीच्यांना माझं एकच सांगणं : झोप उसनी घेऊ नका. ती का येत नाही, हे डॉक्टरांना विचारा. संकोच वाटला, तर टेलि-मानसचा १४४१६ फिरवा.