चपलेला मिळणारे श्रेय



१७ नोव्हेंबरच्या राष्ट्रीय अपस्मार दिनी ‘अंधश्रद्धा सोडा’ असा उपदेश होतो, खेड्यातला माणूस अडाणी ठरतो आणि विषय वर्षभरासाठी मिटतो. मला हे निदानच चुकलेले वाटते. फिट आलेल्याच्या नाकाला चप्पल किंवा फोडलेला कांदा लावणारे लोक स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवत असतात. बहुतेक झटके एक-दोन मिनिटांत, काहीही न करता थांबतात. कोणी धावत येऊन पायातली वहाण नाकाशी धरेपर्यंत तेवढा वेळ गेलेलाच असतो. भगताचेही तेच. दोन झटक्यांमध्ये कधी आठवडे जातात, कधी महिने. तो मधला काळ भगताने बांधलेल्या गंड्याच्या नावावर जमा होतो, आणि पुन्हा फिट आली तर पथ्य मोडले म्हणायचे. हा हिशेब हिणवून खोडता येणार नाही, घड्याळ दाखवूनच खोडावा लागेल. रोग्याला कुशीवर वळवावे, तोंडात काहीही कोंबू नये, आणि पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर गाडी काढावी.

‘देवाचेही करू, डॉक्टरचेही करू, बिघडले कुठे?’ असे विचारले जाते. अंगारा लावून कोणी गोळी नेमाने घेत असेल तर खरेच काही बिघडत नाही. बिघडते ते ‘आधी देवाचे बघू’ म्हणण्यात, कारण त्या काळात ते माणूस चुलीपुढे बसत असते, विहिरीवर जात असते. नीट उपचार मिळाले तर सत्तर टक्क्यांपर्यंत रुग्ण झटक्यांविना जगू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीने बांधणे, मिरचीची धुरी देणे, चपला भिजवलेले पाणी पाजणे हे गुन्हे ठरवले, ते योग्यच झाले. पण वाया गेलेल्या महिन्यांना कोणते कलम लावणार? आणि परंपरेचाच आधार हवा असेल, तर चरकसंहितेने अपस्माराचे वात, पित्त, कफ आणि सन्निपात असे चार प्रकार सांगून त्यावर औषधे दिली आहेत.

उपचार टाळण्याचे यापेक्षा खोल मूळ लग्नात आहे. ‘पोरीची सोयरीक व्हायचीय’ म्हणून फेफऱ्याचे नाव घरात दबक्या आवाजात घेतले जाते. याला गावाचे मागासलेपण म्हणण्याआधी एक आठवावे: हिंदू विवाह कायद्यात १९७६च्या दुरुस्तीने वारंवार येणारे अपस्माराचे झटके वेडाच्या जोडीला बसवून लग्नाला आडकाठी ठरवले होते. तो शब्द निघायला १९९९ उजाडले. ही दुरुस्ती कुठल्या देवऋषीने लिहिली नव्हती. खरे सांगितले तर स्थळ मोडेल, हा आक्षेप खोटा नाही. काही स्थळे मोडतीलच. पण लपवून झालेल्या लग्नात गोळ्याही लपवाव्या लागतात, मग एक दिवस बंद होतात. एकाएकी गोळी सोडल्यावर झटके एकामागून एक येऊन जिवावर बेतू शकते. शिवाय काही गोळ्या गर्भाला घातक असतात, त्या दिवस राहण्याआधीच बदलाव्या लागतात. ज्या घरात आजाराचे नावच निघत नाही, तिथे हे डॉक्टरला कोण विचारणार? अपस्मार हे घटस्फोटाचे कारण नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२३ मध्ये म्हटले. सासरचे लोक मात्र निकालपत्र वाचून वागत नाहीत.

म्हणून मागणी साधी आहे. या आजारावरची जुनी औषधे महाग नाहीत. ती प्राथमिक आरोग्य केंद्रात बारा महिने मिळाली पाहिजेत, आणि कोणाची गोळी कधी संपते याची नोंद आशाताईंकडे असली पाहिजे. केंद्रातला साठा संपतो, गोळी चुकते, फिट परत येते. ‘डॉक्टरी औषधाने काही होत नाही’ हे घरच्यांनी मग स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असते, आणि भगताची वही पुन्हा उघडते.

– एक वाचक