लोकलेखा समितीचे दार उघडा

सरकारने आपला पैसा कुठे खर्च केला, हे विचारायला पाच वर्षे थांबावे लागते का? मुळीच नाही. संसदेची लोकलेखा समिती हे काम वर्षभर करते. ती 1921 पासून आहे. लोकसभेचे 15 आणि राज्यसभेचे 7 असे जास्तीत जास्त 22 सदस्य तिच्यात असतात. मंत्री सदस्य होऊ शकत नाही आणि 1967 पासून अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे. कॅगच्या अहवालांच्या आधारे ती हिशेब तपासते, अधिकाऱ्यांना साक्षीला बोलावते, कागदपत्रे मागवते.

पण या अधिकाराला कुंपणे आहेत. मंत्र्याला साक्षीला बोलावता येत नाही. देशाची सुरक्षा किंवा हित पुढे करून सरकार कागद नाकारू शकते. बैठका बंद दाराआड होतात आणि शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात.

नोटाबंदीच घ्या. 8 नोव्हेंबर 2016 रोजी निर्णय जाहीर केला पंतप्रधानांनी. जानेवारी 2017 मध्ये समितीसमोर उत्तरे द्यायला आले ते रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर ऊर्जित पटेल आणि इतर अधिकारी. बँकेच्या रांगेत ताटकळलेल्या माणसाला ती प्रश्नोत्तरे ऐकता आली नाहीत.

समितीने धोरणात न पडता हिशेब पाहावा, मंत्री सभागृहाला उत्तर देतातच, असा युक्तिवाद केला जातो. त्यात तथ्य आहे. रोज मंत्री बोलावले तर समितीचा राजकीय आखाडा होईल, हेही मला मान्य आहे. मग निदान साक्षी तरी खुल्या करा. ब्रिटनमध्येही या समितीसमोर मुख्यतः अधिकारीच येतात, पण त्यांच्या साक्षी जनतेला पाहता येतात. खरोखर गोपनीय असेल तेवढाच भाग बंद खोलीत ठेवावा.

तोवर आपण काय करायचे? समितीचे सभागृहात मांडलेले अहवाल कुणालाही वाचता येतात. महाराष्ट्र विधिमंडळाचीही स्वतःची लोकलेखा समिती आहे. शिष्यवृत्ती अडली की आपण निवेदन देतो, मोर्चा काढतो. ते जरूर करावे. सोबत त्या खात्यावर कॅगने काय म्हटले, समितीने काय शिफारस केली, हेही शोधावे. मग आपल्या आमदाराला लेखी विचारावे: या शिफारशीवर सरकारने काय केले? असे पत्र चार मित्र मिळून एका संध्याकाळी लिहू शकतात.