लेबलावर नाव कोणाचे? दुर्मिळ व्हिस्कीचा इतिहास आणि आपण



१८ नोव्हेंबर २०२३ रोजी लंडनच्या सदबीज या लिलावगृहात व्हिस्कीची एक बाटली सुमारे २१ लाख ८७ हजार पौंडांना विकली गेली. आपल्या हिशेबात २२ कोटी रुपयांहून अधिक. ती बाटली होती मॅकॅलन या स्कॉच कंपनीची. त्यातला माल १९२६ साली लाकडी पिंपात भरला, ६० वर्षे तसाच ठेवला आणि १९८६ मध्ये त्याच्या फक्त ४० बाटल्या भरल्या.

१९२६ हे साल लक्षात ठेवा. त्याच्या पुढच्याच वर्षी, २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेबांना हजारो माणसे घेऊन महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले. कशासाठी? ओंजळभर पाण्यासाठी. जगाच्या एका टोकाला दारूला ६० वर्षे सांभाळून मान मिळत होता आणि इकडे माणसाला पाण्याला हात लावायचा अधिकार नव्हता.

काही मित्र म्हणतील, आपण पंचशील मानणारे लोक, आपल्याला दारूच्या बाटल्यांचे काय? प्रश्न रास्त आहे. पण ही बाटली घेणारा बहुतेक वेळा ती पीतच नाही. काचेच्या कपाटात ती उभी करून ठेवतो. तो दारू विकत घेत नाही, लेबल विकत घेतो. लेबलावर साल असते, संस्थापकाचे नाव असते, घराण्याची गोष्ट असते. म्हणजे बाजारात विकला जातो तो इतिहास. आणि जिथे इतिहास विकला जातो तिथे आपण एक प्रश्न विचारलाच पाहिजे : हा इतिहास कोणाचा, आणि त्यातून कोणाला वगळले?

हाकललेल्यांची जव, मालकाची भट्टी

स्कॉटलंडच्या उत्तरेला ब्रोरा नावाचे गाव आहे. तिथल्या जुन्या ब्रोरा भट्टीची व्हिस्की संग्राहकांच्या यादीत फार वरची. ही भट्टी १८१९ साली क्लायनेलिश या नावाने सुरू झाली. सुरू करणारा मार्क्विस ऑफ स्टॅफर्ड, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ सदरलँड. याच जमीनदार घराण्याने त्या काळात सदरलँडच्या खोऱ्यांतून हजारो कुळांना घराबाहेर काढले. घरांची छपरे जाळली, माणसांना समुद्रकिनाऱ्यावर नेऊन टाकले आणि मोकळ्या झालेल्या जमिनीवर मेंढ्या सोडल्या. मेंढ्यांच्या लोकरीत माणसांपेक्षा जास्त पैसा होता, एवढाच गुन्हा. किनाऱ्यावर आलेल्या या कुळांनी जव पिकवायची आणि ती मालकाच्याच भट्टीला घालायची, अशी ती सोय होती. घरच्या घरी दारू गाळणे मात्र बेकायदा.

पुढे १९८३ मध्ये मंदी आली, भट्टी बंद पडली, कामगार घरी बसले. आणि गंमत पाहा, भट्टी बंद पडली म्हणूनच तिच्या उरलेल्या बाटल्यांचे भाव चढले! कामगाराची बेकारी ही मालाची दुर्मिळता झाली. २०२१ मध्ये डियाजिओ कंपनीने ती भट्टी पुन्हा उघडली. मुंबईच्या गिरणगावात जे झाले ते आठवा. १९८२ चा संप, बंद पडलेल्या गिरण्या, आणि त्याच आवारात नंतर चकचकीत पब. जुन्या भिंतीच्या विटा शोभेला ठेवल्या, विटांमध्ये राबणारा माणूस मात्र हद्दपार.

सहा माणसे आणि एक ‘अंकल’

आता अमेरिकेकडे या. जॉर्ज वॉशिंग्टन हा अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष. माउंट व्हर्नन या त्याच्या मळ्यावर १७९७ साली दारूची मोठी भट्टी उभी राहिली. सल्ला देणारा कारभारी जेम्स अँडरसन, मूळचा स्कॉटिश. १७९९ या एका वर्षात तिथे सुमारे ११,००० गॅलन व्हिस्की निघाली. ती गाळत कोण होते? हॅन्सन, पीटर, नॅट, डॅनिअल, जेम्स आणि टिमोथी. सहाही जण गुलाम. पुढे ही भट्टी पुन्हा बांधून काढली आणि २००७ पासून ती लोकांसाठी खुली आहे. तिथली बाटली आजही हौसेने जमवली जाते. ती कोणाच्या नावाने ओळखली जाते, हे सांगायला नको.

बर्बन व्हिस्कीचा ‘जनक’ म्हणून ज्याचे नाव दंतकथेत सांगतात, तो एलायजा क्रेग हा बाप्टिस्ट धर्मोपदेशक. त्याच्याकडेही गुलाम होते. १९८६ मध्ये हेवन हिल कंपनीने त्याच्या नावाची बर्बन काढली आणि दंतकथा कपाटात जाऊन बसली. मका दळणारे, पिंपे जाळून काळी करणारे, रात्रभर भट्टीखाली लाकूड घालणारे हात दंतकथेत येत नाहीत. धर्मोपदेशक येतो.

सगळ्यात बोलके उदाहरण टेनेसी राज्यातले. बर्बनची सख्खी बहीण म्हणावी अशी तिथली व्हिस्की जॅक डॅनिअल. मेपलच्या कोळशातून दारू गाळून घेण्याची पद्धत ही तिची ओळख. लिंचबर्ग गावाजवळ डॅन कॉल या धर्मोपदेशकाच्या मळ्यावर पोरगेल्या जॅकला दारू गाळण्याची विद्या ज्याने शिकवली, तो नॅथन ‘निअरेस्ट’ ग्रीन. तो गुलाम होता. गुलामी संपल्यावर जॅकने स्वतःची भट्टी काढली तेव्हा तिचा पहिला मुख्य कारागीर निअरेस्टच झाला. १९०४ च्या सुमाराच्या एका छायाचित्रात जॅकच्या शेजारी एक कृष्णवर्णीय माणूस बसलेला दिसतो. तो निअरेस्टचा मुलगा जॉर्ज असावा असे मानतात. पण कंपनीने ही गोष्ट मोकळेपणाने सांगायला सुरुवात केली ती २०१६ मध्ये, आपल्या दीडशेव्या वर्षी. विद्या गुरूची, नाव शिष्याचे. एकलव्याचा अंगठा आपल्याला माहीत आहे. इथे तर गुरूचाच अंगठा गेला.

२०१७ मध्ये फॉन वीव्हर या कृष्णवर्णीय उद्योजिकेने ‘अंकल निअरेस्ट’ नावाची व्हिस्की काढली. निअरेस्टच्याच वंशातल्या व्हिक्टोरिया एडी बटलर यांच्या हाती व्हिस्कीच्या मिश्रणाची जबाबदारी आली. दीडशे वर्षांनी गुरूचे नाव लेबलावर आले, याचा आनंद मानायलाच हवा. पण दोन गोष्टी नजरेआड करू नका. एक, ‘अंकल’ हा शब्द. अमेरिकेच्या दक्षिणेत म्हाताऱ्या कृष्णवर्णीय माणसाला ‘मिस्टर’ म्हणायचे टाळण्यासाठी ‘अंकल’ म्हणत. आपल्याकडे सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला मालकाचे पोर ‘अरे म्हाद्या’ म्हणून हाक मारायचे, त्याचाच हा गोड भाऊ. दुसरी गोष्ट, २०२५ मध्ये कर्जाच्या वादातून न्यायालयाने या कंपनीवर रिसीव्हर नेमला. म्हणजे बाजाराने दिलेला सन्मान सावकाराच्या हिशेबाला बांधलेला असतो. कर्ज थकले की सन्मानाचीही जप्ती होऊ शकते.

आपल्याकडची बाटली : १९२२

हे सगळे परदेशातले, असे समजून सोडून देऊ नका. आपल्याच पालघर जिल्ह्यात, डहाणूला, साउथ सीज डिस्टिलरीज ही कंपनी आहे. तिने मोहाची दारू ‘सिक्स ब्रदर्स महुरा’ या नावाने उंची बाटलीत आणली. तिची मोजक्या संख्येतली, संग्रहासाठीची आवृत्ती आहे ‘१९२२ रेझरेक्शन’, म्हणजे १९२२ चे पुनरुत्थान. सहा भाऊ म्हणजे दारूच्या धंद्यातल्या चिनॉय कुटुंबातले भाऊ. कुटुंबाने आपल्या पूर्वजांचे नाव लावले, त्यात बेकायदा काही नाही. पण मोह कोणाचा?

मोह आदिवासींचा. फुले पहाटे वेचायची, वाळवायची, भिजवायची, मडक्यात गाळायची ही विद्या त्यांची. इंग्रज सरकारने १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने घरगुती भट्ट्या बंद करून दारू मक्तेदारांच्या मध्यवर्ती भट्ट्यांत नेली. १८९२ च्या मोह कायद्याने तर ठाणे-कुलाब्याकडे फुले गोळा करण्यावर आणि जवळ ठेवण्यावरच बंधने घातली. झाड अंगणात, फूल गुन्ह्यात. ज्याने दारू गाळायची कला जपली तो गुन्हेगार आणि ज्याने मक्ता घेतला तो प्रतिष्ठित! महाराष्ट्र सरकारने मोहफुलांवरचे निर्बंध हटवले ते २०२१ मध्ये. मधल्या काळात कितीतरी आदिवासी बायांनी मोहापायी पोलिसांचा मार खाल्ला. त्यांचे पुनरुत्थान कोणत्या बाटलीत आहे?

आणि १९२२ साली काय घडत होते? त्याच वर्षी पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळी वस्त्यांतून एक चळवळ उठली आणि दक्षिण गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात वणव्यासारखी पसरली. इतिहासात ती देवी चळवळ म्हणून ओळखली जाते. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी तिच्यावर पूर्ण ग्रंथ लिहिला आहे. हजारो आदिवासी एकत्र जमून दारू-ताडी सोडण्याच्या शपथा घेत होते आणि दारूविक्रेत्या जमीनदारांवर बहिष्कार घालत होते. हा सोवळेपणा नव्हता. दारूच्या उधारीतून जमीन जाते, जमिनीतून वेठ येते, हे त्यांना अनुभवाने कळले होते. बाटलीवरचे १९२२ धंद्याची आठवण काढते. आपण आठवायचे ते १९२२ दारू नाकारणाऱ्यांचे आहे.

बारामतीची मळी आणि आपली ‘पत’

आता आपल्या पट्ट्यात या. सुपे-मोरगावचा भाग जिरायती. पूर्वेला गेलो की बागायत, ऊस, साखर कारखाने. साखरेतून उरते ती मळी, मळीपासून स्पिरिट. देशात ‘व्हिस्की’ म्हणून खपणाऱ्या स्वस्त मालाचा मोठा भाग अशा मळीच्या स्पिरिटवर उभा आहे. युरोपात धान्याशिवाय केलेल्या दारूला व्हिस्की म्हणायला कायदाच परवानगी देत नाही. आपल्याकडे मात्र लेबलावर इंग्रजी नाव, ढाल-तलवारीचे चित्र आणि आत उसाच्या मळीचा अर्क. ऊस तोडणारी बीड-अहिल्यानगरची टोळी पाचटाच्या खोपीत राहते. कोयता तिचा, घाम तिचा, आणि संध्याकाळी त्याच घामाचा पैसा त्याच दारूत परत. चक्र पूर्ण.

आणि आपला शिकलेला तरुण? पहिला पगार झाला की स्कॉचच्या बाटलीबरोबर फोटो. त्यामागची भावना मला कळते. ज्यांना गावात कपबशी वेगळी ठेवली, त्यांच्या नातवाला वाटते की साहेबाची बाटली माझ्या टेबलावर आली म्हणजे मी बरोबरीला आलो. पण मित्रा, ही बरोबरी गिऱ्हाईकाची आहे, माणसाची नाही. पैसे आहेत तोवर दुकानदार ‘साहेब’ म्हणेल. त्या लेबलावर तुझ्या आजोबाची जागा तेव्हाही नव्हती, आजही नाही.

इथे एक गैरसमज दूर करतो. बाबासाहेब सरकारी दारूबंदीचे भक्त नव्हते. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या १९५१ च्या निवडणूक जाहीरनाम्यात दारूबंदीला स्पष्ट विरोध आहे. बंदीने महसूल बुडतो आणि चोरटी दारू घराघरात शिरते, ही त्यामागची भूमिका. त्याच बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. यात विसंगती नाही. पोलिसाच्या दंडुक्याने आलेली बंदी वेगळी आणि स्वतःच्या बुद्धीने घेतलेले शील वेगळे. त्याआधी १८८० मध्ये पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना महात्मा फुल्यांनीही शहरात वाढत्या दारू दुकानांना लेखी विरोध केला होता. आज खेड्यापाड्यातल्या बाया ‘उभी बाटली, आडवी बाटली’ मतदानात बाटली आडवी करतात, तीही याच परंपरेची गोष्ट. श्रीमंत संग्राहक जी बाटली जपून उभी ठेवतो, तीच आपली माय-बहीण मतपत्रिकेवर आडवी पाडते.

मग करायचे काय?

१२ मे १८७५ रोजी आपल्या सुप्याच्या बाजारपेठेत शेतकऱ्यांनी सावकारांची खते आणि वह्या जाळल्या. दख्खनच्या दंग्याची ती सुरुवात. ते माणसांच्या जिवावर कमी आणि कागदावर जास्त तुटून पडले, कारण त्यांना उमगले होते : ज्याच्या हातात लेखणी, त्याचेच म्हणणे खरे ठरते. चार वर्षांनी सरकारला शेतकऱ्यांच्या कर्जाविषयी कायदा करावा लागला. लेबल हाही तसाच एक कागद आहे. तोही मालकाने लिहिलेला आहे.

आज कागद जाळायची गरज नाही, आपला कागद लिहायची आहे. माउंट व्हर्ननच्या सहा गुलामांची नावे आज आपल्याला कळतात, कारण कोणीतरी ती जुन्या कागदपत्रांत शोधली. आपल्या आज्या-पणज्यांची नावे शोधायला कोण येणार? दोरखंड वळणारे, चामडे कमावणारे, गुऱ्हाळावर चुलवण पेटते ठेवणारे, ऊस तोडणारे, रस्ता फोडणारे आपल्याच घरात होते. या जयंतीला डीजेवरचे थोडे पैसे वाचवा. वस्तीतल्या सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येक माणसाजवळ बसा. नाव, गाव, काम, मालक, मजुरी असे सगळे विचारा, फोनवर रेकॉर्ड करा आणि वहीत उतरवून बुद्धविहारात ठेवा. कुठलाही लिलाव त्या वहीची किंमत ठरवू शकणार नाही.

आणि पुढच्या वेळी कोणी उंची बाटली पुढे केली तर नुसते ‘नको’ म्हणून उठू नका. ती हातात घ्या, लेबल वाचा आणि विचारा, यावर नाव कोणाचे नाही?

जय भीम! जय जोती! जय संविधान!

सुपे, ता. बारामती, जि. पुणे