आकड्यांना भाषा नसते म्हणे!

आमच्या परिचयाचे एक डॉक्टर आहेत. मराठी शाळेत शिकलेले, बेळगावात पुण्याचे नाटक आले की पहिल्या रांगेत दिसणारे. मधुमेहाच्या नेहमीच्या तपासणीचे अहवाल मराठीत का मिळू नयेत, असा प्रश्न आम्ही त्यांच्यापुढे मांडला, तेव्हा ते हसून म्हणाले, “अहो, तुम्ही मंडळी प्रत्येक गोष्टीत भाषा आणता. आकड्यांना कुठे भाषा असते? सात म्हणजे सात.” सुशिक्षितांच्या तोंडी हे वाक्य इतके रुळले आहे की त्याला उत्तर देण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. आम्ही आज पडणार आहोत.

बेळगाव तालुक्यातील एका गावची हकीकत आहे. आमच्यातील एकाच्या नात्यातील आज्जी, वय सत्तरीच्या घरात, मराठी चौथी शिकलेल्या. वर्तमानपत्र ओळ न ओळ वाचतात, श्रावणात गल्लीतल्या बायका पोथी ऐकायला त्यांच्याकडेच जमतात. मधुमेह १२ वर्षांचा. तपासणीचा कागद घरी आला तो अथपासून इतिपर्यंत इंग्रजीत. आज्जींनी तो नववीतल्या नातवापुढे धरला. त्याने अक्षरे जुळवत वाचले : ‘ग्लायको’ने सुरू होणारा एक लांबलचक शब्द, त्यापुढे ‘हिमोग्लोबिन’, त्यापुढे ९.१. “आज्जी, तुझं हिमोग्लोबिन नऊच हाय बघ.”

हिमोग्लोबिन म्हणजे अंगातले रक्त आणि बाईचे ते १२ च्या पुढे हवे, हे आता खेडोपाडी सर्वांना ठाऊक झाले आहे. तेव्हा आज्जींचे रक्त कमी झाले असा निकाल घरात लागला आणि रक्त वाढवण्याचा उपाय शेजारणीने सांगितला : रोज मूठभर गूळ-शेंगदाणे, सकाळी चार खजूर. डॉक्टरांची ठरलेली भेट लग्नसराईत राहून गेली. तीन महिने आज्जींनी मोठ्या निष्ठेने गूळ खाल्ला. मग चप्पल चावून पायाच्या बोटाला झालेली साधी जखम भरेना, म्हणून दवाखान्यात नेले, तेव्हा रक्तातील साखर ३०० च्या पुढे निघाली. बोट वाचले, पण दोन महिने पाय खाली टेकवता आला नाही.

त्या कागदावरचा एकही आकडा चुकलेला नव्हता. ९.१ हे ९.१ च होते. पण ते कशाचे, हे सांगणारा शब्द परक्या भाषेत होता आणि तो शब्दच फसवा होता. डॉक्टर ज्याला एचबीएवनसी म्हणतात ती ही तपासणी रक्त किती आहे हे मोजत नाही. रक्तातील तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनला साखर चिकटते. पेशी साधारण १२० दिवस जगते. म्हणून त्यातले किती टक्के हिमोग्लोबिन साखरेने माखले आहे हे पाहिले की मागच्या दोन-तीन महिन्यांत साखर सरासरी कशी राहिली ते कळते. ७ टक्के म्हणजे सरासरी साखर सुमारे १५४, ८ म्हणजे १८३, ९ म्हणजे २१२. आज्जींचे ९.१ म्हणजे दिवसरात्र सरासरी २१४ च्या आसपास. नेहमीचे हिमोग्लोबिन मोजतात ग्रॅममध्ये, हे मोजतात टक्क्यांत; एकात आकडा वाढावा असे आपण इच्छितो, दुसऱ्यात उतरावा असे. एकाच कागदावर, एकाच आडनावाची ही दोन अनोळखी माणसे शेजारी बसलेली असतात. आकड्यांना भाषा नसते म्हणणाऱ्यांनी या दोघांतला फरक आज्जींना भाषेवाचून समजावून दाखवावा.

वाचकहो, आम्हांला अधिक बोचते ती गोष्ट निराळीच. या तपासणीला मराठीत शब्द नाही असे मुळीच नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठल्याही दवाखान्याच्या बाकावर बसून ऐका. माणसे तिला ‘तीन महिन्यांची साखर’ म्हणतात. नर्सबाई म्हणतात, कंपाउंडर म्हणतात, खुद्द ते नाटकप्रेमी डॉक्टरही रुग्णाशी बोलताना हेच म्हणतात. ‘उपाशीपोटीची’ आणि ‘जेवणानंतरची’ हेही शब्द असेच लोकांनी घडवले, कोणत्याही समितीची बैठक न भरता. हे शब्द नेमके आहेत, सुबोध आहेत, काय मोजले ते नावातच सांगणारे आहेत. नाही ते फक्त छापील कागदावर. ‘तीन महिन्यांची साखर ९.१’ एवढे त्या ओळीत छापले असते, तर आज्जींनी नातवाला हाकही मारली नसती.

आणखी एक सापळा आहे. अहवालात काही आकडे ठळक छापलेले असतात, शेजारी ‘एच’ किंवा ‘एल’ हे इंग्रजी अक्षर असते. ठळक म्हणजे धोका, असे आपण धरून चालतो. पण कडेला छापलेली मर्यादा बहुधा मधुमेह नसलेल्या माणसाची असते. तीन महिन्यांची साखर ५.७ च्या आत असली की निरोगी, ६.५ वा अधिक असली की मधुमेह, ही निदानाची मोजपट्टी झाली. आधीच मधुमेह असलेल्या पुष्कळशा प्रौढांना ७ च्या आत राहा असे सांगतात. वृद्ध, अशक्त, इतर दुखणी असलेल्यांना त्याहूनही थोडी सूट देतात. म्हणजे ६.८ हा आकडा कागदावर ठळक ओरडत असतो आणि प्रत्यक्षात तो शाबासकीचा असू शकतो. त्या ठळकपणाला घाबरून रात्रीचे जेवण सोडणारे आणि गोळी मात्र घेणारे लोक आम्ही पाहिले आहेत. साखर ७० च्या खाली गेली की घाम, थरथर, भोवळ. हा धोका उपाशी माणसाला त्याच रात्री गाठतो. तेव्हा रुग्णाला जो आकडा खरोखर हवा असतो तो ‘माझ्यासाठी किती?’ हा, आणि तो छापील कागदावर कधीच नसतो.

‘पॉझिटिव्ह’ आणि ‘निगेटिव्ह’ यांचे तर काय सांगावे! मराठी बोलण्यात हे शब्द केव्हाच शिरले आणि शिरताना पहिल्याला चांगले, दुसऱ्याला वाईट असा अर्थ चिकटला. लघवीत प्रथिने ‘पॉझिटिव्ह’ वाचून समाधानाने कागद घडी घालून ठेवणारे गृहस्थ अडाणी नव्हते, निवृत्त शिक्षक होते. तिथे ‘प्रथिने आढळली’ एवढे दोन शब्द हवे होते.

हे लघवीचे प्रकरण थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण मूत्रपिंड दुखत नाही. रक्तातील क्रिएटिनिन ‘नॉर्मल’ आले की आपण सुटलो असे वाटते; वास्तविक बिघाड सुरू होऊनही ते बराच काळ नॉर्मल राहू शकते. आधी खूण दिसते ती लघवीत पाझरणाऱ्या अल्ब्युमिनमध्ये. क्रिएटिनिनशी त्याचे प्रमाण काढतात : दर ग्रॅमला ३० मिलिग्रॅमच्या आत ते ठीक, ३० ते ३०० इशारा, त्यापुढे गंभीर. एकदा वाढलेले दिसले म्हणून लगेच हाय खाऊ नये, ताप असताना किंवा फार श्रमांनंतरही ते वाढते. पुन्हा तपासून खात्री करतात. दुसरा आकडा मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या वेगाचा. तो तीन महिन्यांहून अधिक काळ ६० च्या खाली राहिला तर मूत्रपिंडाचा जुनाट आजार म्हणतात. साध्या लघवी तपासणीत हे थोडे पाझरणे सापडतेच असे नाही, ही तपासणी वेगळी मागावी लागते. आणि जिचे नावच उच्चारता येत नाही ती तपासणी मागणार कोण? ‘लघवीतून प्रथिने पाझरतात का, ते बघायचं आहे’ असे काउंटरवर मराठीत म्हणता येते. म्हणावे. डोळ्यांचा पडदा आणि पावले वर्षातून एकदा दाखवावीत, हे तर कोणत्याच रक्ताच्या कागदावर येत नाही.

आता ‘वैद्यकाची भाषा इंग्रजीच, इलाज नाही’ या युक्तिवादाकडे वळू. हैदराबादच्या आमच्या वाचकांना हे सांगायला नको की १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात वैद्यकसुद्धा उर्दूतून शिकवले गेले. बडोद्याच्या वाचकांना ठाऊक आहे की सयाजीराव महाराजांच्या राज्यात १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा अनेक भाषांचा शासनकोश निघाला, त्यात मराठी होती. इंदूर-ग्वाल्हेरकरांच्या मध्य प्रदेशात २०२२ च्या ऑक्टोबरात वैद्यकाची हिंदी पाठ्यपुस्तके प्रसिद्ध झाली. त्यांच्या बरेवाईटपणाविषयी वाद आहे, असू द्या. आम्ही तर पाठ्यपुस्तक मागत नाही. एका कागदावरच्या वीस-पंचवीस ओळी मागतो.

मात्र तेवढ्याच परखडपणे आमच्यातल्या शुद्धिवाद्यांनाही सांगितले पाहिजे. तीन महिन्यांच्या साखरेला ‘शर्करासंयुक्त रक्तरंजक’ म्हणणार असाल तर इंग्रजीच राहू द्या. ज्या शब्दाने आज्जींना पुन्हा कोणापुढे कागद धरावा लागतो तो शब्द देवनागरीत असला तरी मराठी नव्हे. इन्सुलिन, क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल ही नावे देवनागरीत जशीच्या तशी लिहावीत आणि शेजारी ते कशासाठी पाहतात एवढे सांगावे.

कायद्याचे म्हणाल, तर १९५६ च्या भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणविषयक केंद्रीय निवेदनापासून १५ ते २० टक्के वस्तीच्या भागात महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेत द्याव्यात असे ठरलेले आहे. त्यासाठी आपण मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या. ते खासगी लॅबला बांधील नाही हे खरे. पण राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये पुढे आणलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत रुग्णाला त्याच्या आजाराची माहिती त्याला समजेल अशा भाषेत मिळावी, हे आहेच. गोव्यात तर १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणीबरोबर मराठीच्या शासकीय वापराची वाट खुली ठेवली आहे. तिथे अडते ते कुठे?

अडते ते आपल्यापाशीच. दुकानावरची पाटी कोणत्या भाषेत आहे यावरून आपण रस्त्यावर उतरलो, आणि स्वतःच्या मूत्रपिंडाचा हिशेब इंग्रजीत आला तो निमूट फायलीत लावला. कोल्हापूर-मिरजेला उपचारासाठी जाणारे आमचे शेकडो लोक तिथूनही असाच इंग्रजी कागद घेऊन परततात. ज्या राज्यात जाण्यासाठी आपण झगडतो तिथल्या लॅबलाही मराठी सुचलेली नाही, हे कबूल करायला आम्हांला लाज वाटत नाही, त्रास होतो. आणि शेजारच्या गल्लीतील कन्नड आज्जींची गत वेगळी आहे काय? त्यांचाही नातू ‘ग्लायको’पाशी अडखळतो. या मागणीत कन्नड आमच्या समोर उभी नाही, शेजारी उभी आहे. कागद दोन्ही भाषांत निघावा.

म्हणून आम्ही एक पानी नमुना तयार करीत आहोत. अहवालाला जोडायचा, मोठ्या अक्षरांत, लोकांच्या तोंडचे नाव आधी, देवनागरी आकडे, ‘वाढला तर काय, उतरला तर काय’ याची एकेक ओळ, आणि शेवटी एक मोकळा रकाना : ‘तुमच्यासाठी किती’, तो डॉक्टरांनी पेनाने भरायचा. पुढच्या महिन्यात तो घेऊन शहरातील लॅबचालकांकडे आणि सर्वप्रथम आमच्या त्या डॉक्टरांकडे जाणार आहोत. तुमच्या घरी, इंदुरात, बडोद्यात, फोंड्यात, या तपासण्यांना काय म्हणतात ते शब्द आम्हांला कळवा. आज्जींचा ताजा कागद आमच्यासमोर आहे. इंग्रजीच आहे, पण नातवाने त्या फसव्या ओळीवर निळ्या पेनाने लिहिले आहे : तीन महिन्यांची साखर, ७.८.