राज्यकर्त्याच्या हातातील मेणबत्ती

रशियातील ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभा जुन्या पंचांगाप्रमाणे ७ जानेवारीस नाताळ साजरा करते. त्या सुमारास राष्ट्राध्यक्ष पुतीन प्रार्थनेला उभे असल्याचे छायाचित्र आपल्या वृत्तपत्रांतही झळकते. ते पाहून आपल्या धर्मग्रामांतील अनेक भाविक घरांत समाधानाचा सुस्कारा टाकला जातो. फातिमा मातेचा शब्द खरा ठरला, नास्तिकांचा रशिया देवाकडे परतला, असे म्हटले जाते. काहींची मजल तर याही पुढे जाते. धर्माचा असा कैवारी राज्यकर्ता आपल्याला लाभता तर किती बरे झाले असते, असे ते बोलून दाखवतात. या उद्गाराशी आमचे भांडण आहे.

हा मोह केवळ नागपुरातच आहे असे नाही. २५ ऑगस्ट २०२३ रोजी दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी रशियातील कॅथलिक तरुणांशी दूरसंवाद साधला आणि बोलण्याच्या ओघात पहिला पीटर व दुसरी कॅथरीन यांच्या थोर रशियाचे वारस म्हणून त्यांना गौरविले. युक्रेनमधील ग्रीक कॅथलिक बांधवांना त्या शब्दांनी तीव्र वेदना झाल्या. पुढे मंगोलियाहून परतताना पोप महोदयांनीच खुलासा केला की आपले शब्द कदाचित उचित नव्हते आणि आपल्या मनात साम्राज्य नव्हते, तर संस्कृतीचा वारसा होता. खुद्द पोपना जो खुलासा करावासा वाटला, त्याची गरज आमच्या भाविकांना मात्र भासत नाही. पीटर आणि कॅथरीन यांनी ख्रिस्तसभेचे काय केले, हे आपल्याला ठाऊक तरी आहे काय?

इ. स. १७०० मध्ये मॉस्कोचे पॅट्रिआर्क एड्रियन निवर्तले. पीटरने त्यांच्या जागी कोणालाच बसू दिले नाही आणि १७२१ मध्ये ते पीठच मोडीत काढून त्याच्या जागी 'पवित्र सिनॉड' नावाचे सरकारी मंडळ नेमले. त्यावर देखरेखीला धर्मगुरू नव्हे, तर झारचा एक प्रापंचिक अधिकारी बसविण्यात आला. पुढच्याच वर्षी फर्मान निघाले की पापनिवेदनात कोणी झारविरुद्धच्या कटाची वाच्यता केली, तर धर्मगुरूने ती सरकारला कळविली पाहिजे. वाचकहो, क्षणभर थांबून याचा अर्थ ध्यानी घ्यावा. पापनिवेदनाचे गुपित जिवाच्या किमतीवर राखावयाचे, असे आपण मुलांना पहिल्या कम्युनियनच्या वर्गात शिकवितो. ते गुपित कोणा नास्तिकाने नव्हे, तर बाप्तिस्मा घेतलेल्या आणि स्वतःला धर्माचा रक्षक म्हणविणाऱ्या राजाने फोडावयास लावले. ख्रिस्तसभेला राज्याची कचेरी करण्याचे काम लेनिनच्या जन्माआधी दीडशे वर्षांपूर्वीच पार पडले होते.

कॅथरीनचा हिशेब थोडा गुंतागुंतीचा आहे आणि तो प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. १७७३ मध्ये पोप चौदावे क्लेमेंट यांनी येशूसंघ विसर्जित केला, तेव्हा या झारिणीने पोपचे आज्ञापत्र आपल्या राज्यात जाहीरच होऊ दिले नाही. पोलंडकडून नुकत्याच बळकाविलेल्या मुलखात येशूसंघीयांच्या शाळा चालू राहिल्या आणि संघाची ज्योत तेथे तेवत राहिली. येशूसंघीयांकडे शिकलेले आमचे काही स्नेही हा दाखला मोठ्या कौतुकाने देतात. परंतु तिला हवे होते ते शिक्षक. गरज सरताच, १८२० मध्ये, तिच्याच नातवाने, पहिल्या अलेक्झांडरने, येशूसंघीयांना देशाबाहेर घालविले. याच कॅथरीनने १७६४ मध्ये मठांच्या जमिनी सरकारजमा केल्या होत्या. त्याला विरोध करणारे रोस्तोवचे मेट्रोपॉलिटन आर्सेनी यांची धर्मपदे काढून घेण्यात आली, 'खोटारडा आंद्रेई' असे नवे नाव त्यांना चिकटविण्यात आले आणि रेवेलच्या तुरुंगात १७७२ मध्ये त्यांचा अंत झाला. कैवाऱ्याच्या कृपेची किंमत ही अशी वसूल होत असते.

पुढील पाने भराभर उलटू. १८३९ मध्ये पहिल्या निकोलसच्या राजवटीत बेलारूस व लिथुआनियातील ग्रीक कॅथलिकांना त्यांच्या रोमनिष्ठेपासून तोडून ऑर्थोडॉक्स सभेत विलीन करण्यात आले. १९२३ च्या ईस्टर सणाच्या सुमारास बोल्शेविकांनी मॉन्सिन्योर बुद्कविच यांना गोळी घातली. १९३१ मध्ये मॉस्कोचे ख्रिस्त तारणारा कॅथीड्रल सुरुंग लावून उडविण्यात आले आणि पुढे त्या जागी पोहण्याचा तलाव झाला. हे सारे आपल्याला ऐकून ठाऊक असते. पण ४ सप्टेंबर १९४३ च्या रात्री त्याच स्टॅलिनने तीन मेट्रोपॉलिटनांना क्रेमलिनमध्ये बोलावून पॅट्रिआर्कची निवड करण्यास मुभा दिली, हे आपण क्वचितच ऐकतो. युद्ध चालू होते आणि त्याला प्रार्थना करणारे हात हवे होते. तीन वर्षांनी ल्विव्ह येथे एक तथाकथित धर्मपरिषद भरवून युक्रेनची ग्रीक कॅथलिक सभा कागदोपत्री नाहीशी करण्यात आली. तिचे प्रमुख योसिफ स्लिपी तेव्हा आधीच कैदेत होते. अठरा वर्षांच्या बंदिवासानंतर १९६३ मध्ये त्यांची सुटका झाली. झार, कम्युनिस्ट आणि आजचे सत्ताधीश यांच्या विचारसरणीत जमीन-अस्मानाचे अंतर असेल. वेदीकडे पाहण्याची नजर मात्र एकच. सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोच्या पॅट्रिआर्क किरिल यांनी प्रवचनात सांगितले की कर्तव्य बजावताना रणांगणी मरण पावणाऱ्या सैनिकाची पापे धुऊन निघतात. पीटरने घातलेला पाया किती भक्कम होता, हे त्यावरून कळते.

हे परक्यांचे झाले, आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. आपल्या वसईला विचारा. पोर्तुगालच्या राजाने पाद्रोआदोच्या अधिकारात चर्चे उभारली, बिशप नेमण्याचा हक्क स्वतःकडे ठेवला. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला आणि राजसत्तेच्या सावलीत उभ्या असलेल्या त्या भव्य चर्चांचे अवशेष आज सहलीला जाणारे लोक पाहतात. गावोगावच्या कुटुंबांत श्रद्धा टिकली. ती राजा गेल्यावरही टिकली.

रशियाची जी श्रद्धा आपल्या मातीला खरोखर स्पर्श करून गेली, तीही राजाशिवायच आली होती. त्वेर नगरीचा व्यापारी अफानासी निकितिन वास्को द गामाच्या सुमारे तीस वर्षे आधी चौलच्या बंदरात उतरला आणि जुन्नरला पोहोचला. वाटेत, व्होल्गाच्या मुखाशी, त्याची धर्मपुस्तके लुटली गेली होती. जवळ धर्मगुरू नाही, चर्च नाही, ईस्टर केव्हा येतो हेही कळेनासे झालेले. जुन्नरच्या असदखानाने त्याचा घोडा हिसकावून घेतला आणि धर्म बदललास तर घोडा व हजार मोहरा देईन, असे सांगितले. मुदत चार दिवसांची होती. निकितिनने देवाचा धावा केला आणि खुरासानच्या एका मुसलमान गृहस्थाने रदबदली करून त्याला सोडविले. मायदेशी परतताना, स्मोलेन्स्कजवळ, तो वारला. त्याचे त्वेर १४८५ मध्ये मॉस्कोने गिळंकृत केले. भयंकर इव्हानचा निषेध करणारे मेट्रोपॉलिटन फिलिप यांना १५६९ मध्ये त्याच त्वेरच्या एका मठात झारच्या हस्तकाने गळा दाबून मारले. ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९५७ मध्ये निकितिनवर 'परदेसी' नावाचा चित्रपट सोव्हिएत सहकार्याने काढला, आणि रेवदंड्याला त्याचे स्मारकही आहे. आपल्या धर्मशिक्षणाच्या पुस्तकांत मात्र त्याला दोन ओळींची जागा नाही.

आणि आपल्या विदर्भात कोणता रशिया आला? नागपूरहून सुमारे ७५ किलोमीटरवर सेवाग्राम आहे. तेथे राहिलेल्या महात्म्याने दक्षिण आफ्रिकेत असताना टॉलस्टॉयचे जे पुस्तक वाचले, त्याचे नावच लूकच्या शुभवर्तमानातील देवराज्याविषयीच्या वचनावरून घेतलेले होते. रशियात त्यावर बंदी होती. टॉलस्टॉयची ख्रिस्ताविषयीची मते आपल्याला मानवणारी नाहीत, ही गोष्ट वेगळी. परंतु १९०१ मध्ये त्याला सभेबाहेर काढणारे सिनॉड पीटरनेच नेमलेले ते सरकारी मंडळ होते, हेही विसरू नये.

रशियासाठी प्रार्थना थांबवा, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. मार्च २०२२ मध्ये रशिया आणि युक्रेन ही दोन्ही राष्ट्रे मरिया मातेच्या निष्कलंक हृदयाला एकत्रच समर्पित करण्यात आली. येत्या ऑक्टोबरात घरोघरी रोझरी होईल, तेव्हा रशियाच्या नावाबरोबर फिलिप, आर्सेनी, बुद्कविच आणि स्लिपी ही चार नावेही मोठ्याने उच्चारावीत आणि ती कोणाची, असे मुलांनी विचारल्यास त्यांना नीट सांगावे, एवढीच आमची मागणी आहे.